सुई कशाची करायची?

"काहून जी ताई, एवढे वर्ष झाले, तुमची एक सुई कशाची करायची तेच ठरून नाही राह्यलं का?"

हे पहिल्यांदा विचारलं आमच्या गल्लीतल्या कूलरवाल्या काकांनी. मग नातेवाइकांनी, विद्यार्थ्यांनी, एकदा तर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसानेही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी सुई म्हणजे काय ते. आम्ही उपग्रह सरकवायचं चिमुकलं इंजिन करतो, त्याला थ्रस्टर म्हणतात. सुई म्हणजे त्याचं टोक. आमचं इंधन म्हणजे एक मीठच, पण खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं. नाव लांबलचक आहे, आम्ही ईएमआय-बीएफ४ म्हणतो. ते टोकावर आणायचं, समोर भोकं पाडलेली धातूची पट्टी ठेवायची आणि दोघांमध्ये हजार-दोन हजार व्होल्ट लावायचे. थेंब ताणला जाऊन त्याचा शंकू होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश काढला. शंकूच्या शेंड्यातून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सुटतात आणि त्यांच्या उलट धक्क्याने उपग्रह सरकतो. धक्का किती? २०१५ च्या डिसेंबरात गेलेल्या लिसा पाथफाइंडर या युरोपीय यानावर याच जातीचे, पण आयनांऐवजी बारीक थेंब फेकणारे ८ थ्रस्टर होते, प्रत्येकाची ताकद ५ ते ३० मायक्रोन्यूटन. म्हणजे पूर्ण जोर लावला तर एक डास कसाबसा तोलला जाईल. "रॉकेट केव्हा उडवता?" असं विचारणाऱ्यांचा चेहरा इथे पडतो. पण उपग्रहाला जागेवर अगदी हळुवार धरून ठेवायचं असेल, तर डासाएवढाच धक्का हवा असतो.

आता सुई. लोकांना वाटतं, सगळी करामत टोक अणकुचीदार करण्यात आहे. टोक करणं त्यातल्या त्यात सोपं. खरा प्रश्न असा की द्रव पंपाशिवाय टोकापर्यंत चढला पाहिजे आणि चढताना बिघडला नाही पाहिजे. चढण्याचं काकांना लगेच पटलं, कारण कूलरच्या ताट्या त्यांनी जन्मभर बदलल्या आहेत. बारीक छिद्रं असली की ओल आपोआप पसरते. म्हणून सच्छिद्र टंगस्टन, सच्छिद्र निकेल, सच्छिद्र काच, कार्बनचं झेरोजेल (जेल वाळवून केलेला सच्छिद्र कार्बन), असं सगळं जगभर करून पाहिलं गेलंय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पाउलो लोझानो यांच्या गटाने तर यातलं बरंच काही.

बिघडण्याचं मात्र सांगायला वेळ लागतो. आपण नुसते धन आयन बाहेर फेकत राहिलो, तर ऋण आयन मागे साचत जातात. सुई धातूची असेल तर ते तिच्याच अंगाला चिकटून बसतात, तिथला व्होल्टेज वाढतो आणि द्रव धातूशी रासायनिक भांडण सुरू करतो. आमच्या पहिल्या धातूच्या टोकावर आम्ही हट्टाने एकच ध्रुव चालू ठेवला होता. काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर स्वच्छ द्रवाचा चहा झालेला, आणि शेंड्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. उपाय दोन. एक, ध्रुव थोड्या-थोड्या वेळाने पालटत राहायचे, म्हणजे कधी धन आयन फेकायचे, कधी ऋण. दुसरा, सुई वीज न वाहणाऱ्या पदार्थाची करायची आणि व्होल्टेज मागे दूर, भरपूर पृष्ठभाग असलेल्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवरून द्रवालाच द्यायचा. म्हणजे जे काय व्हायचं ते टोकापासून लांब होतं. म्हणून माझा जीव काचेवर. रसायनशाळेत गाळायला वापरतात ती बोरोसिलिकेट काचेची चकती, छिद्रं एक-दीड मायक्रॉनची. ती घासून मी पाचर करते. दहातल्या सहा शेवटच्या हाताला तुटतात. कार्बन झेरोजेलची छिद्रं जास्त एकसारखी असतात, हेही कबूल करते, पण आमच्याकडे ते अजून नीट जमलेलं नाही.

काकांनी एक दिवस फुटक्या माठाचं खापर आणून दिलं. "हे पाहा, हे बी झिरपते." हसू नका, मी खरंच घासून लावून पाहिलं. द्रव झकास चढला. पण छिद्रं कुठे मोठी, कुठे लहान, त्यामुळे एका बाजूने ओघळ आणि दुसरी बाजू कोरडी. शिवाय माठावर बाहेरून पांढरा थर धरतो ना, ते क्षार. तेच उद्या माझ्या इंधनात.

सगळ्यात मोठं दुखणं मात्र सुईच्या बाहेरचं निघालं. हा द्रव हवेतली ओल ओढतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि मी प्रयोगशाळेत कूलर लावू देत नाही. मागे एकदा एसी बंद पडला, कुणीतरी कूलर आणून ठेवला आणि त्याच दिवशी बाटली रात्रभर उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या पेटीतली हवा उपसणारा पंप तासन् तास घरघरतोय, निर्वात काही होत नाही, आणि काचेच्या टोकावर इडलीच्या पिठासारखे बुडबुडे. पाणी उकळून बाहेर येत होतं. आम्ही दोन आठवडे काचेला शिव्या घातल्या. दोष काचेचा नव्हताच. पण त्यात मेख अशी की ओल असली की द्रवातला बीएफ४ फुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होऊ शकतं, आणि ते काचेलाच खातं. म्हणजे माझ्या लाडक्या पदार्थाला नागपूरचा जुलै मानवत नाही.

आता सुईला लावायच्या आधी द्रव रात्रभर निर्वातात, किंचित गरम करून ठेवते. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे सुई नाही, हवाच ठरून नाही राह्यली तुमची." आणि एसीचा गॅस तपासायला स्टुलावर चढले.