आज शनिवार

दुपारी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होते. मे अखेरीस इथे इंग्लंडात, लेस्टरला, बरं ऊन पडतं, म्हणजे स्वेटर काढून हातात धरण्याइतकं. कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी माझ्या वाफ्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "अजून ठेवलेत होय?"

रोख वॉलफ्लॉवर नावाच्या फुलझाडांवर होता. त्यांच्या हिशेबानं एव्हाना ते उपटून व्हायला हवे होते. एप्रिलपासून फुलले, वास दिला, झालं काम. इथली रीतच तशी. मे-जूनमध्ये बी पेरायचं, रोपं वीतभर झाली की शेंडे खुडायचे, ऑक्टोबरात कायमच्या जागी लावायची, हिवाळाभर गारठ्यात उभी ठेवायची. वसंतात फुलं घ्यायची आणि मग रवानगी कंपोस्टच्या ढिगावर. शेंडे खुडण्यात मी पटाईत आहे, तुळशीच्या मंजिऱ्या खुडून हात तयार झालेला. पण पुढचं उपटणं काही जमत नाही.

या झाडाची नि माझी ओळख झाली ती भाजी म्हणून. इथलं पहिलंच वर्ष, ऑक्टोबर महिना. बाजारात एका बाईनं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या जुड्या मांडलेल्या, मुळांना माती तशीच. मला वाटलं, मुळ्याचा पाला! दोन जुड्या उचलल्या, मनात मुगाची डाळ भिजतसुद्धा घातली. तेवढ्यात तिनं विचारलं, "वाफा उन्हात आहे ना?" घरी येऊन मुकाट्यानं जुड्या बादलीत बुडवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी लावल्या.

फार चुकले नव्हते, हे पुढे कळलं. वॉलफ्लॉवर मोहरीच्याच कुळातला, कोबी-मुळ्याच्या भावकीतला. चार पाकळ्यांचं फूल, आणि फुलं गळली की मोहरीसारख्या उभ्या बारीक शेंगा. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा रोग यालाही धरतो, म्हणून आदल्या वर्षी कोबी होता तिथे हा लावत नाहीत. आणि माती आंबट असली तर चुना घालतात.

चुना म्हटला की माझी गाडी साताऱ्याला जाते. वॉलफ्लॉवरला चुना प्रिय. इथल्या पडक्या किल्ल्यांच्या आणि मठांच्या भिंतींत, दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात तो आपला आपण उगवतो. नाव त्यावरूनच पडलं. माझ्याकडचा आहे तपकिरीकडे झुकणारा लाल, चुन्यावर कात रंगावा तसा, आणि वासात लवंग. म्हणजे विडाच की! आजीनं वास घेतला असता तर हात पानाच्या डब्याकडे गेला असता.

आमच्या वाड्याच्या भिंतीत मात्र उगवला पिंपळ. न्हाणीघरामागच्या भिंतीत, दोन पानांचा होता तेव्हा मीच पहिल्यांदा पाहिला आणि उगाच जाऊन सांगितला. काका म्हणाले, आत्ताच उपटा, भिंत फोडेल. आजी म्हणाली, पिंपळाला हात लावायचा नाही. गवंडी बोलावला, त्यानंही कानाला हात लावले. मग काका स्वतः निघाले. संध्याकाळी निघाले तर आजी म्हणे, "अरे दिवेलागण झाली, झाडं झोपली." सकाळी निघाले तर, "आज शनिवार, पिंपळाचा वार." पुढच्या खेपेला अमावस्या निघाली. नंतर पितृपक्ष. मग दिवाळी तोंडावर आली, आणि सणासुदीला झाड तोडतं का कोणी? असं करत मी कॉलेजात गेले तोवर पिंपळ मनगटाएवढा झाला होता आणि न्हाणीघराच्या भिंतीत माझी बोटं जातील एवढी भेग. काका मग तिकडे बघेनासे झाले. वाटेत तो आला की घड्याळाकडे बघत पुढे जायचे.

इथे तर तीही सोय नाही. मे महिन्यात दिवेलागण रात्री नऊनंतर, तोवर झाडं टक्क जागी. तेव्हा मी काही म्हणत नाही, नुसतं उपटत नाही. त्याची शिक्षा दिसतेच. तीन वर्षांमागचा एक पायरीशी आहे, बुंधा लाकूड झालाय, खालून उघडाबोडका, वर चार फुलं. आजोबांना त्याच्याकडे बघवत नाही. त्यांचा स्वतःचा जांभळा वॉलफ्लॉवर, 'बोल्सेस मॉव्ह' जातीचा, जवळजवळ बारा महिने फुलतो, बी धरत नाही, त्यामुळे त्यांना काही ठरवावं लागत नाही. चार-पाच वर्षांत तो आपला आपणच थकून जातो.

वाडा गेल्या वर्षी पाडला. भावानं व्हिडिओ पाठवला. जेसीबीला बाकी भिंतींना वेळ लागला नाही. न्हाणीघराची तेवढी पडेना. शेवटी पडली ती एका तुकड्यात. मुळांनी विटा धरून ठेवलेल्या, आणि वर पानं हलत होती. मी आवाज बंद करून पाहिला. पुन्हा नाही पाहिला.

चहा गार झाला होता. आजोबा कुंपणाशी उभेच, हातात खुरपं, मदतीच्या तयारीत.

"उद्या," मी म्हटलं.

आज शनिवार.