प्रयोग चालू असताना दिवे जात नसत

जुन्या संगीत नाटक कंपनीत घडणाऱ्या खुनाच्या सिनेमाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: ‘तुम्हाला त्यात नेमकं खटकतं काय? सिनेमा आहे, एवढं कशाला बारीक बघायचं?’ इथं बेळगावात शहापूर-टिळकवाडीतली हौशी मंडळी विचारतात, खानापूरकडं यात्रेच्या नाटकात उभी राहणारी पोरं विचारतात, आणि पटकथा बगलेत मारून पुण्या-कोल्हापूरहून आलेले लोकही विचारतात. दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरच्याची समजूत होते, हा माणूस पगडीच्या घड्या आणि लुगड्याचे काठ मोजत बसणारा आहे. तसं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहितो.

कपड्यांशी माझं भांडण नाही. भांडण खुनाशी आहे.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. साल १९१२ ते १५ च्या आसपासचं. प्रयोग रंगात आलाय. एका क्षणात सगळे दिवे जातात. किंकाळी. दिवे परत येतात आणि नट पालथा पडलेला. याच घटनेवर पुढचे दोन तास उभे असतात, आणि ही घटनाच घडू शकत नाही.

फिरत्या कंपनीला गावोगावच्या थिएटरात वीज मिळेल याचा भरवसा नव्हता. बत्त्या कंपनीच्या सामानातच असत. आधी किटसन, नंतर पेट्रोमॅक्स, दोन्ही दाबानं रॉकेल जाळणाऱ्या. पेट्रोमॅक्स हातात घेऊन बघा. टाकी पाऊण भरायची, वर हवेला जागा ठेवायची. वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं आणि दीड-दोन मिनिटं नळी तापू द्यायची. मग पंप. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती मेंटलमध्ये, म्हणजे जाळीच्या छोट्या पिशवीत, जळते. नळी कमी तापली तर रॉकेल कच्चंच बाहेर येतं, भडका उडतो, मेंटल काजळून जातं. एकदा पेटलेलं मेंटल म्हणजे नुसती राख; धक्का लागला की संपलं. भोक तुंबलं तर सुईनं साफ करायचं, दाब उतरला तर प्रयोग चालू असतानाच पुन्हा पंप मारायचा. त्यासाठी विंगेत माणूस सतत उभा लागतो.

आता हे विझवून दाखवा. हवेचा स्क्रू सैल केला की दाब उतरतो, प्रकाश आधी पिवळा, मग तांबूस होतो आणि मग जातो. काही सेकंद जातातच. प्रत्येक बत्तीची टाकी वेगळी, स्क्रू वेगळा. पुढच्या रांगेत, दोन्ही विंगांत, मागच्या पडद्यापाशी टांगलेल्या बत्त्या एकाच क्षणी विझवायच्या तर तेवढेच कटवाले हवेत, आणि त्यांना वर चढायला शिड्या. परत पेटवायच्या तर पुन्हा पंप, आणि नळी निवली असेल तर पुन्हा स्पिरिट. तोवर पिटातली, म्हणजे पुढच्या जागांवरची, माणसं रंगमंचावर चढून आलेली असतील.

शिवाय बत्ती बोलते. पेटलेली असेपर्यंत तिचा सूं असा आवाज थांबत नाही. सिनेमात खुनाआधी जी भयाण शांतता ऐकवतात, ती त्या थिएटरात पहाटे बत्त्या उतरवल्यावरच मिळायची.

यावर लगेच कोणी म्हणतं, ‘मग नाटकात अंधाराचे प्रवेश नव्हते काय?’ होते की. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घ्या. १९०७ चं नाटक, महाराष्ट्र नाटक मंडळीनं केलेलं, १९१० साली सरकारनं बंद पाडलेलं. त्यात कीचक सैरंध्रीसाठी रात्री भैरवाच्या देवळात येतो आणि तिच्याऐवजी भीम त्याच्या नरडीला हात घालतो. कथेत मिट्ट काळोख आहे. पण बत्तीवर रंगमंच असा काळा करता येत नाही. तिथं अंधार नटानंच करायचा असतो. हात पुढं करून चाचपडायचं, पाऊल घासत टाकायचं, समोरचा माणूस हातभर अंतरावर असून दिसत नाही असं डोळ्यांनी दाखवायचं. प्रेक्षकाला लख्ख दिसत असतं आणि तरीही तो अंधार कबूल करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की खुनाची जागा ही आहे. दिवे घालवू नका. शेकडो माणसांनी आपणहून अंधार मानलेला असतो. विंगेतून आलेला माणूस त्यांना दिसतो, पण तो नाटकातला की नाटकाबाहेरचा हे कोणी तपासत नाही. इन्स्पेक्टरनं दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘काय दिसलं?’ तर साक्षीदार उत्तर देणार, ‘अंधार होता.’ बत्तीवाला शपथेवर सांगणार, एकही बत्ती विझली नाही. दोघंही खरं बोलतायत. यापेक्षा चांगला पेच कुठल्या लेखकाला पाहिजे? आणि इन्स्पेक्टर बाहेरून आणायचीही गरज नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यानं सरकारला नाटक बंद पाडता येत होतं, त्यामुळं तो आधीपासूनच खुर्चीत बसलेला दाखवला तरी पटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘अमुक पद चालू असताना मी मेकअपच्या खोलीत होतो,’ असं संशयित सांगतो आणि घड्याळाचा काटा दाखवतात. संगीत नाटकात पदाची लांबी कोणाच्या हातात होती? वन्समोर आला की तेच पद पुन्हा, गाणारा लागलेला असला तर नव्या ताना घेऊन पुन्हा. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं ते उगीच नाही. एका पदाच्या हिशेबानं आखलेला खून आमच्या भागातल्या कानसेन प्रेक्षकांपुढं हमखास कोसळणार. मारेकरी विंगेत ताटकळत उभा आणि नट पुन्हा मुखड्यावर आलाय, हा प्रसंग अजून कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

बाकीचं भराभर सांगतो. बर्मा-शेल ही कंपनी १९२८ ची. त्याआधीच्या गोष्टीत तिचा डबा ठेवू नका. मिरज-बेळगाव-लोंढा रेल्वे तेव्हा मीटर गेजची होती, रुळांत अंतर एक मीटर. कंपनीचं सामान उतरवतानाचा शॉट आजच्या रुंद रुळांवर घेतला की कळतं. पडदा रंगवायचा तर खडूच्या रंगात सरस. तो रात्रभर भिजवून पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, उकळू द्यायचा नाही, नाहीतर चिकटपणा जातो. सरस कमी पडला तर रंग पिठासारखा झडतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडे जातात, आणि आमच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येऊन वास मारतो. ॲक्रिलिकचा चकचकीत राजवाडा कॅमेऱ्याला लगेच सापडतो.

आणि भाषा. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गायक नट केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली ती १९०८ साली हुबळीत. तरी सिनेमातली कंपनी पुण्या-मुंबईबाहेर पडत नाही, आणि पडलीच तर पडदे ओढणाऱ्यापासून भटारखान्यापर्यंत सगळे सदाशिव पेठेतलं बोलतात. आमच्याकडचा पडदेवाला ‘काय करूलालास रे’ म्हणेल, दोर ओढताना कन्नडमध्ये हाक देईल. संशयित ज्या भाषेत कुजबुजतो ती तपास करणाऱ्या साहेबाला येत नाही, ही अडचण इथं आयती पडलेली आहे.

‘पण प्रेक्षकाला हे कुठं कळतं?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. बत्तीचा स्क्रू त्याला माहीत नसेल, मान्य. पण रहस्यपटात प्रेक्षक पुरावे गोळा करत बसलेला असतो. पुरावाच खोटा दिला तर त्यानं डोकं लावायचं कशाला?

आता प्रकाशाबद्दल, कारण इथं माझं मलाच पटवता येत नाही. जुना काळ म्हटलं की सगळं नारिंगी, हे चूक आहे. मेंटलचा उजेड पांढरा असतो, किंचित हिरवट. चेहऱ्यावर पांढरा सफेदा आणि लाल हिंगूळ का थापायचे ते त्या उजेडात उभं राहिल्यावर समजतं. म्हणून वर्षानुवर्षं माझा हट्ट होता: शूटिंगला खऱ्या बत्त्या लावा, हल्लीच्या कॅमेऱ्यांना तेवढा उजेड पुरतो.

मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ पासूनचं थिएटर. बेळगावातल्या कित्येक घरांत त्या रात्री झोप लागली नाही. त्या आगीचा बत्त्यांशी काही संबंध नव्हता, हे मला कळतं. तरी त्यानंतर लाकूड, कापड आणि दाबाखालचं रॉकेल एका छताखाली आणा असं कोणाला सांगताना जीभ अडते.

एलईडी लावा म्हणावं, तर ती सूं करत नाही. आवाज नंतर भरता येईल, हिरवट पांढरा रंगही जुळवता येईल. पण तिची धग येत नाही, आणि धगीशिवाय नटाच्या कपाळावर जो घाम दिसेल तो फवाऱ्याचा असेल. त्या घामावरूनच तर मारेकरी ओळखायचा असतो. खऱ्या बत्त्या लावायच्या तर उघड्या मैदानावर कनात ठोकून, वाळूच्या बादल्या हाताशी ठेवून, प्रत्येक बत्तीला एक जाणता माणूस देऊन. एवढा खर्च करायला निर्माता तयार होत नाही, आणि त्याला तयार करावं की नाही हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.