तुम्ही विचारलंत म्हणून: चांगल्या डोळ्यावर पट्टी का?

लिफ्टमध्ये, लग्नात, शाळेच्या गेटवर, तीन वर्षं हाच प्रश्न. अधू डोळा डावा ना, मग पट्टी उजव्यावर का? एकदाच नीट सांगते.

माझ्या मुलीचा डावा डोळा आतून ठणठणीत आहे. त्याचा प्लस नंबर बराच जास्त होता आणि सहा वर्षं कुणालाच कळलं नाही, डोळा तिरळा नव्हता, उजव्याने सगळं दिसायचं, मग कळणार कसं. डावीकडून कायम धूसरच येतंय म्हटल्यावर मेंदूने त्याचं ऐकणं कमी केलं. यालाच आळशी डोळा (अँब्लियोपिया) म्हणतात. मेंदूच्या दृष्टीच्या भागात सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, जन्मानंतर भराभर वाढतात, साधारण आठव्या महिन्यात सगळ्यात जास्त असतात, मग वापरातल्या टिकतात आणि बऱ्याच गळतात. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडला तेव्हा डोळा शाबूत, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्याने बळकावलेली. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. आणि दोन्ही डोळे बंद ठेवले तर एक बंद ठेवण्याइतकं नुकसान होत नव्हतं! म्हणजे ही जागेसाठीची चढाओढ आहे, म्हणून जिंकणाऱ्याला रोज थोडा वेळ बाजूला बसवायचं. याला शिक्षा म्हणू नका प्लीज.

शिक्षा मी केली, ती वेगळीच.

पट्टीचा दुसरा महिना, दिवाळी. अंगणात ठिपके मी काढून दिले होते, तिने फक्त जोडायचे. प्रत्येक रेघ भलत्याच ठिपक्याला. सकाळीच मी तिला कार्डावर एकेक अक्षर दाखवलं होतं, पट्टी लावून सगळी बरोबर सांगितली होती, त्यामुळे मला वाटलं पट्टी निघावी म्हणून नाटक चाललंय. सासूबाई बघत होत्या, शेजारच्या काकू बघत होत्या, मी हाताने अख्खी रांगोळी पुसली आणि म्हटलं, मुद्दाम करतेस. ती रडली नाही. म्हणाली, "आई, एक ठिपका असला की दिसतो. खूप असले की ते एकमेकांत जातात."

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, या आजारात असंच होतं, सुटं अक्षर वाचता येतं, ओळीत आलं की शेजारची अक्षरं त्यात मिसळतात. म्हणजे पोरगी तंतोतंत खरं बोलत होती.

ती तीन वर्षांची असताना तोंड पुसताना टॉवेल उजव्या डोळ्यावर आला की किंचाळायची, डाव्यावर आला की गप्प. मला वाटायचं साबण झोंबतोय. तेव्हाच्या मला मी सांगते, तुला कसं कळणार होतं. मग वाटतं, रोज बघत तर होतीस.

"आता उशीर झाला का?" हेही विचारता. अमेरिकेत ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २००५ साली आला, चष्म्याबरोबर पट्टी, चांगला डोळा धूसर करणारे ड्रॉप्स आणि जवळचं बारीक काम दिलं तर ५३ टक्के मुलांची नजर चांगली सुधारली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांची. म्हणजे सात वर्षं झाली की सगळं संपलं असं नाही. आमचं ६/३६ (निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) वरून ६/१२ वर आलं आणि आठ महिने तिथेच अडकलंय. पट्टी सोडली की काही मुलांचं परत घसरतं, म्हणून तास हळूहळू कमी करायचे. सहाव्या वर्षाऐवजी तिसऱ्या वर्षी लावली असती तर कुठे असतो, हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मी विचारणं थांबवूही शकत नाही.

पट्टी संध्याकाळी ६ ते ८ असते. त्या वेळी आलात तर तिच्यासमोर "अरेरे" करू नका. ती मणी ओवत असते, बारीक, सुटे करून ठेवलेले. बसा तिच्याजवळ.