वीस मिनिटांचं इंग्रजी

आयबीपीएसच्या पीओ प्रिलिम्सला, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या पूर्वपरीक्षेला, मी बसले तेव्हा इंग्रजीला 30 प्रश्न, 30 गुण आणि 20 मिनिटं होती. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जायचा. गणित, रीझनिंग कितीही चांगलं गेलं तरी इंग्रजीचा कटऑफ वेगळा पार करावा लागतो. आमच्या अभ्यासिकेतली मराठी माध्यमाची बरीच मुलं तिथंच अडकायची.

क्लासमध्ये नियम पाठ करून घ्यायचे. नियम यायचे, पण वाक्य समोर आलं की कुठला लावायचा ते सुचायचं नाही. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वेअर नॉट गुड' हे वाचताना खटकत नाही, कारण क्रियापदाला खेटून 'मँगोज' बसलेत. म्हणून सराव करताना मी 'ऑफ'पासूनचा तुकडा पेन्सिलनं खोडायला लागले. उरतं 'क्वालिटी वेअर', आणि चूक लगेच दिसते: तिथं 'वॉज' हवं. पुढे पेन्सिलही लागेना.

खरा घोळ प्रिपोझिशन्सचा. आपण कुणावर तरी रागावतो, म्हणून तोंडात 'अँग्री ऑन' येतं. लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. चर्चा कशाबद्दल तरी करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. इंग्रजीला हवं असतं 'अँग्री विथ', 'मॅरीड टू', आणि 'डिस्कस'ला तर मध्ये काहीच नको. पेपर काढणाऱ्यांना आपली ही खोड पक्की ठाऊक असावी! मी वेगळी वही केली. डावीकडे आपला प्रत्यय, उजवीकडे घरातल्या माणसांवर रचलेलं पूर्ण इंग्रजी वाक्य. नुसती जोडी लिहिली की विसरायची. 'काकू इज सीनियर टू माय मदर इन द ऑफिस' विसरले नाही.

काही ठिकाणी मात्र मराठीच कामाला आली. 'राइज' आणि 'रेझ'मध्ये सगळे गोंधळतात. पण किमती वाढतात आणि बँक व्याजदर वाढवते, हा फरक आपल्याला जन्मापासून येतो. वाढणे म्हणजे 'राइज', वाढवणे म्हणजे 'रेझ'. हे कळल्यावर तो प्रश्न मी कधी सोडला नाही.

'ए' आणि 'ॲन' उच्चारावर सुटतात: 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'द'साठी वाचनाला पर्याय नाही; रोज एक अग्रलेख. क्लोझ टेस्टलाही, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायलाही, त्याचाच फायदा झाला. सगळ्या पर्यायांचा अर्थ जवळपास सारखा असला, तरी शेजारच्या शब्दाला एकच मानवतो. पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग'.

परीक्षेत आधी क्लोझ टेस्ट आणि एरर्स (वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न) उरकल्या, उतारा शेवटी. दोन पर्यायांवर अडले तिथं तुक्का मारला नाही. कटऑफ निघाला.

पुढच्या मुख्य परीक्षेत, मेन्समध्ये, पत्र आणि निबंध टाइप करायचा होता, 30 मिनिटांत 25 गुणांसाठी. तिथं निवडायला पर्याय नसतात, वाक्य आपलंच. मी लहान लहान वाक्यं लिहिली आणि पत्रात 'डिस्कस' मुद्दाम एकदा वापरून घेतलं.