हाँगकाँगमधला रविवार

सकाळी जाग आली तेव्हा जहाज धक्क्याला लागलंसुद्धा होतं. इथलं काई ताक क्रूझ टर्मिनल म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टी. विमानतळ १९९८ साली बंद झाला आणि २०१३ मध्ये त्याच पट्टीच्या टोकाला, थेट समुद्रात, हे टर्मिनल उघडलं. ती पट्टीही मुळात भराव घालून केलेली. एकेकाळी विमानं शेजारच्या कौलून भागातल्या इमारतींना जवळजवळ घासून इथे उतरायची म्हणे. बाल्कनीतून त्या इमारती बघितल्यावर वैमानिकांच्या जिवाचं काय होत असेल ते कळलं.

जहाजवाल्यांच्या सहलीत व्हिक्टोरिया पीक होतं. पण डोंगराचा माथा पार ढगात बुडालेला. ताई म्हणाली, "पैसे भरून ढगात जायची एवढी काय घाई आहे आपल्याला?" झालं, पीक रद्द. संध्याकाळपर्यंत परत यायचं, एवढंच ठरवून निघालो.

कौलूनमधल्याच त्सिम शा त्सुईच्या धक्क्याजवळ १९१५ सालचा लाल विटांचा घड्याळाचा मनोरा आहे. तो ज्या रेल्वे स्टेशनचा होता ते स्टेशन कधीच पाडलं, मनोरा तेवढा राहिला. तिथूनच स्टार फेरी सुटते. १८८८ साली ही कंपनी काढली ती दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने, हे मला ठाऊक होतं. तरी हिरव्या-पांढऱ्या बोटीत पाय ठेवताना उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. बाकांची लाकडी पाठ पुढे-मागे ढकलता येते, म्हणजे बोट कुठल्याही दिशेला निघाली तरी तोंड पुढेच. बोट कधी वळतच नाही. या टोकाने येते, त्या टोकाने जाते. निळ्या खलाशी गणवेशातल्या आजोबांनी आकडा लावलेल्या काठीने दोर अलगद ओढून घेतला. दहा मिनिटांच्या आत पलीकडचा किनारा, म्हणजे हाँगकाँग बेटावरचं सेंट्रल. आणखी थोडं लांब असतं तर बरं झालं असतं.

पण हे पाणी आखूड होत गेलंय त्याला कारण आहे. आज चांगलीच आत असलेली क्वीन्स रोड ही जुनी किनाऱ्याची रेघ. त्यापुढचं बहुतेक सगळं भरावाचं. सेंट्रलचा फेरीचा धक्कासुद्धा २००६ मध्ये पुढे सरकवला; जुना पाडताना लोकांनी बरीच निदर्शनं केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट्रलला जो मोठा भराव पडला, त्यामागे पॉल चाटर हा कोलकात्यात जन्मलेला आर्मेनियन व्यापारी. त्याच्या नावाचा रस्ता त्याच भरावावर आहे. आम्ही तिथे पोचलो आणि थबकलोच.

रस्त्यावर एकही गाडी नाही. सगळीकडे बायका. हजारोंनी. रविवारी चाटर रोड वाहनांना बंद असतो आणि घरकामाला असलेल्या परदेशी बायका, बहुतेक फिलिपिन्स नाहीतर इंडोनेशियाच्या, सुट्टी घालवायला इथे येतात. हाँगकाँगमध्ये अशा तीन लाखांहून जास्त जणी आहेत. कायद्याने आठवड्याला एक सुट्टी मिळते, पण राहायचं मात्र मालकाच्याच घरी. मग सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे?

पुठ्ठ्याची खोकी उलगडून त्यांनी जमीन अंथरली होती, काहींनी गुडघाभर उंचीच्या भिंतीही उभ्या केल्या होत्या. बाहेर चपलांच्या नीट रांगा. आत कुणी नखं रंगवतंय, कुणी पत्ते कुटतंय, कुणी गावी पाठवायचं खोकं चिकटपट्टीने करकचून बांधतंय. एचएसबीसी बँकेच्या मुख्य इमारतीखालची मोकळी जागाही अशीच भरलेली. ती इमारत नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदाची, आणि आमचं टर्मिनलही त्याच्याच कंपनीचं. जमिनीलगतचा मजला मोकळा ठेवताना त्याच्या डोक्यात हे नक्कीच नसणार. पण बँकेखाली याहून चांगलं काय मांडता आलं असतं?

आम्ही घुटमळतोय हे बघून एकीने पुठ्ठ्यावर सरकून जागा दिली. चपला काढून बसलो. तिने डब्यातल्या तांदळाच्या शेवया पुढे केल्या, ताईने पर्समधल्या खारकांची पुडी काढली. घरात ती मालकाच्या मुलांच्या खोलीत झोपते. "इथे दार नाही, तरी हीच माझी खोली," असं ती हसत म्हणाली. मग फोनवर तिचा मुलगा आला. दात पडलेला. तिने त्याला आम्ही दोघी दाखवल्या, आम्ही हात केला.

नंतर डबलडेकर ट्रामने थोडं भटकलो. इथे ट्राम १९०४ पासून चालू आहे. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली, पण खरं सांगायचं तर मन चाटर रोडवरच होतं.

रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरचे काका वैतागलेले. पीकवर रांगेत उभं राहून शेवटी निव्वळ धुकं बघून आले होते. "तुम्ही काय बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"आम्ही रस्त्यावर बसलो होतो," ताई म्हणाली.

काकूंना वाटलं आमची बस चुकली. त्यांनी हळहळत आपल्या ताटलीतला केक आमच्यापुढे सरकवला आणि ताईने तो घेतलाही.