दुसऱ्यांदा सीझ झाल्यावर

माझी यामाहा आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, आता फक्त कच्च्या रस्त्यावर फिरते. गुटक्यांचे टायर, वर घेतलेला सायलेन्सर, ऑईल पंप काढलेला. पेट्रोलमध्येच लिटरला ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल). एका रविवारी महूच्या पुढे, चढावर, इंजिनाचा आवाज बसला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. इंजिन सीझ, म्हणजे पिस्टन सिलेंडरात अडकला. क्लच दाबला म्हणून वाचलो. दहा मिनिटांनी सुरू झाली, पण आतून खडखड, आणि किक एकदम हलकी.

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत मिस्त्री बघताक्षणी म्हणाला, "भिया, बोर-पिस्टन करवा लो." म्हणजे सिलेंडर आतून कातून मोठा पिस्टन. आठ महिन्यांपूर्वी तेच तर केलं होतं! गाडी टेम्पोत घालून लोकमान्य नगरात घरी आणली.

प्लग पांढराफटक, टोकाला बारीक चंदेरी कण. पिस्टनचंच अ‍ॅल्युमिनियम. सिलेंडर उतरवलं तेवढ्यात शेजारचे काका आले. सांवेर रोडला जन्मभर टर्नर होते. "आधी कुठल्या बाजूला घासलंय ते बघ रे."

एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टन रिंगेवरच सारवला गेला होता, कार्बुरेटरची बाजू स्वच्छ. धूळ गेली असती तर ही बाजू घासली असती. थंड इंजिन ताणलं असतं तर चार ठिकाणी उभे पट्टे दिसले असते. फक्त एक्झॉस्टकडे म्हणजे आत ताप जास्त: तेल कमी, नाहीतर पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. तेल मी मापानेच घालतो.

सिलेंडरवरचे पट्टे ओरखडे आहेत की चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम, हे नुसतं बघून कळेना. हातमोजे घालून, गच्चीत, फरशी धुण्याचं अ‍ॅसिड काडीच्या कापसाने लावलं. फेस आला. अ‍ॅल्युमिनियम संपलं तसा फेस थांबला. लगेच धुऊन तेल लावलं, कारण बीड मिनिटांत गंजतं. खाली दोन चरे उरले, नखाला अडकणारे. म्हणजे ०.५० मिमीचं बोअरिंग. (सिलेंडरला निकासिलचा, म्हणजे निकेलचा कडक, मुलामा असलेल्या नव्या डर्ट बाईकला बोअरिंगची सोय नाही; तिथे मुलामाच पुन्हा चढवावा लागतो.)

पण जास्तीची हवा कुठून? आत दाब भरून गळती शोधायची ठरवली. बोअरिंग करून नवा पिस्टन चढवला, क्रँकच्या टोकाचा मॅग्नेट काढला, एक्झॉस्ट रबराने बंद केला, इनटेकला व्हॉल्व्हसकट सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. पंपाचे अगदी हलके दोन-तीन दाब. जोर केला तर क्रँकभोवतीचं चांगलं रबरी सीलही निसटतं. साबणाचं पाणी फिरवलं. कार्बुरेटरचा रबर ठीक, हेड ठीक. मॅग्नेटमागच्या क्रँकच्या ऑईल सीलवर मात्र बुडबुड्यांची माळ. क्लचकडचं सील गेलं असतं तर गिअर ऑईल ओढून पांढरा धूर तरी दिसला असता. इकडून नुसती हवा.

आणि गाडी कधीची सांगत होती! अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन क्षणभर चढलेलंच राहायचं. मला वाटायचं, काय तयार इंजिन आहे.

दोन्ही सील बदलली. आता मूठ सोडली की आवाज लगेच खाली येतो. ५०० किलोमीटर होईपर्यंत चढ बंद, असं काकांनी बजावलंय. सध्या नेमावर रोडची सपाटी.