माळावर शिखर नसते

मी दर रविवारी पहाटे चालायला बाहेर पडतो हे कळले, की पुण्या-नाशिककडचे स्नेही हमखास विचारतात, "सोलापुरात ना डोंगर, ना जंगल, मग तुम्ही चालता तरी कुठे, आणि त्यातून शिकता तरी काय?" विचारण्यात थोडी थट्टा असते, पण प्रश्न रास्त आहे. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

चालतो तो बार्शी रस्त्याला, नान्नजच्या बाजूला. इथले माळढोक अभयारण्य 1979 सालचे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून मी बाहेरच्या गायरानातून आणि गाडीवाटांनी फिरतो. पायाखाली मुरूम, मध्येच हिवर किंवा बाभूळ आणि पावसाळा सरला की कुसळीचे गवत. हे कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते आणि अशा फिरण्यातूनच स्वतःला जमिनीत रुतवते. माझ्या मोज्यांना ते जमीनच समजते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवणाऱ्यांनी एकदा हे मोजे झटकून पाहावेत.

मी कळसूबाईही एकदा चढलो आहे. 1646 मीटरवर देवीचे देऊळ लागते, दर्शन घ्यायचे आणि उतरायला लागायचे. कुठे थांबायचे ते तिथे डोंगरच ठरवून देतो. माळावर तशी सोय नाही. एक चढण संपली की तशीच दुसरी दिसते, एक बाभूळ गाठली की पुढची खुणावते, आणि 'तेवढ्यापर्यंत जाऊन येऊ' असे म्हणत माणूस स्वतःला नकळत फार लांब नेतो.

एका एप्रिलमध्ये माझे तेच झाले. दोन लिटर पाणी बरोबर होते, निम्मे संपल्यावर परतायचे हा हिशेबही पक्का होता आणि मी तो पाळलादेखील. तरी परतीच्या निम्म्या वाटेवर बाटली कोरडी पडली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मेंढरे घेऊन बाभळीखाली बसलेल्या एका धनगराने पाणी पाजले आणि वर सुनावले, "काय पाहुणं, टोपी घातली म्हंजी ऊन कमी हुतं व्हय?" घरी आल्यावर हिशेबातली चूक लक्षात आली. जाताना पहाटेचा गारवा असतो, येताना दहाचे ऊन असते. अंतर तेच असले तरी पाणी तेवढेच लागत नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात एक तृतीयांश पाणी संपले की मी माघारी वळतो.

हाच हिशेब माळाबाहेरही लागू होता, हे मला उशिरा कळले. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मी नऊ वर्षे सांभाळले होते, आणि दरवर्षी 'एवढा रंग होऊ द्या, एवढी टाकी होऊ द्या' म्हणत थांबणे पुढे ढकलत होतो. अंगात त्राण असेपर्यंतच ते सोडायला हवे होते. सोडल्यावर कागद आवरून नव्या माणसाला समजावून देण्यात जी दमछाक झाली, ती मी हिशेबात धरलीच नव्हती.

गेल्या मे महिन्यात मात्र वळण्याची जागा मी नाही, एका टिटवीने ठरवली. समोर दोनशे पावलांवर एक बाभूळ होती आणि तिथून परतायचे असे मनाशी घोकत असतानाच एक माळटिटवी कर्कश ओरडत माझ्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. टिटवीचे ओरडणे अशुभ मानणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. मी तिथल्या तिथे थांबलो ते वेगळ्या कारणाने. बुटापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमात, खड्यांच्या घोळक्यात चार अंडी होती. मातकट रंगावर काळपट ठिपके, जवळून पाहिले तरी खडे कोणते आणि अंडी कोणती हे पटकन कळू नये अशी. वळसा घालून बाभळीपर्यंत जाता आले असते, पण मी तिथे असेपर्यंत ती अंड्यांवर बसणार नव्हती आणि ऊन तर चढत होते. मी आल्या पावली मागे फिरलो. चाळीसेक पावलांवर थांबून दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा ती धावत येऊन, थोडी घुटमळून अंड्यांवर बसत होती. बाटलीत अजून निम्म्याहून अधिक पाणी होते.